आजोबा दोरी सोडवायला उतरले नव्हते

प्रिय ढब्बू,

आता लोक तुला कप्तान म्हणतात, पण तुझे लंगोट मी धुतलेत, तेव्हा माझ्यासाठी ढब्बूच. शेजारच्या मास्तरीणबाई हे लिहून घेताहेत. एखादा भारी शब्द आला तर तो त्यांचा. वाकडं बोलणं सगळं माझं.

माझे गुडघे आहेत तसेच, रोज भांडतात. परवा तुझी लेक येऊन गेली. म्हणाली, पणजोबा फार शूर होते, लाँचच्या पंख्यात अडकलेली दोरी सोडवायला उतरले आणि बुडाले. ही गोष्ट तिला तू सांगितलीस, तुला तुझ्या बापाने आणि त्याला मी. मीच रचली होती. इतकी वर्षं टिकली, म्हणजे बरी रचली म्हणायची.

दोरीबिरी काही नव्हती, रे. भर दुपार, पाणी ताटासारखं सपाट. उतारूंना पलीकडे सोडून तुझे आजोबा आणि मी, दोघंच परतत होतो. जेवताना त्यांनी अर्धी बाटली रिचवली होती आणि लाइफ जॅकेट उशाला घेऊन पडले होते. मग उठले, काठाशी उभे राहून लघवी करायला लागले, आणि तोल जाऊन गेले पाण्यात. चांगला पट्टीचा पोहणारा माणूस. मला वाटलं गंमत करताहेत. त्यांनाही तसंच वाटलं असावं, हसत होते. मी बांबू पुढे केला. त्यांनी हात टाकला तो बांबूपासून वीतभर लांब. परत टाकला, परत लांब. मग टाकलाच नाही.

त्यांना बांबूच्या टोकाच्या आकड्याने ओढून वर कसं घेतलं, ते मला आजही सांगता यायचं नाही. रडायच्या आधी मी त्यांच्या पँटची बटणं लावली. चारचौघांनी तसं बघू नये म्हणून. लाँच धक्क्याला लागेपर्यंत दोरीची गोष्ट तयार होती. लोक हळहळले, मलाही बरं वाटलं. पण त्यामुळे आपल्या घरात बाटलीने कुणी मेलंच नाही, असं झालं. तू तर वर मलाच ऐकवतोस, आजोबा घेऊनच लाँच चालवायचे, त्यांचं कुठे काय बिघडलं.

गेल्या बुधवारी मी तुझ्या लाँचमधून आले. तू ती धक्क्यावर आदळलीस. चाळीस माणसं, जॅकेटं सगळी कुलपात, आणि तुझ्या तोंडाला वास. मला हात देताना म्हणालास, दोन घोट घेतले की हात स्थिर राहतो.

आज सकाळी मी बंदर कार्यालयात जाऊन साहेबांना सगळं सांगितलं आणि कागदावर अंगठा दिला. हे पत्र तुला मिळेल तेव्हा तुझा परवाना त्यांच्या टेबलावर असेल. चहाडी त्याने केली समजून तुझ्या खलाशाच्या अंगावर जाऊ नकोस, त्या बिचाऱ्याने तोंड उघडलेलं नाही. तुझं घर कसं चालेल, मला माहीत नाही. आधी तुझ्याकडेच येणार होते. पण तू गोड बोलून मला गप्प केलं असतंस, आणि मी झाले असते. मला त्याची सवय आहे.

तू तोंड फिरवलंस तरी तुझीच,
आजी