आईने मागितलेला कोंबडा

प्रिय छोटे,

आईने कोंबडा पाळलाय. हो, आपल्या आईनेच! आपल्या परसात कोंबड्या कायम, पण कोंबडा कधीच नव्हता. बाबा रात्रभर बेकरीच्या भट्टीपुढे राबून सकाळी घरी यायचे, अंगाला ताज्या पावाचा वास, आणि थेट दुपारपर्यंत झोपायचे. तेवढा वेळ आपण दोघी मांजरीच्या पावलांनी वावरायचो. तू वाढवलेलं ते पिवळं पिल्लू आठवतं? कोंबडी समजून वाढवलंस आणि निघाला कोंबडा! पहिल्यांदा आरवला तर घसा बसल्यासारखा. बाबा झोपेतच ओरडले, "अगं, त्या दाराला तेल घाला कुणीतरी!" आपण तोंडात ओढणी कोंबून हसलो. पण आठ दिवसांत त्याची रवानगी दूधवाल्या काकूंकडे झाली आणि तू दोन दिवस अन्नाला शिवली नाहीस.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी परसात फक्त कोंबड्याच होत्या. मग गेल्या महिन्यात आई अचानक म्हणाली, "मला एक कोंबडा आणून दे." मी म्हटलं, अंडी तर मिळतायत, मग हे नसतं लचांड कशाला? ती म्हणाली, "आण म्हटलं ना!" काकूंकडूनच आणला. नवा पक्षी आजार घेऊन यायला नको म्हणून तीन आठवडे त्याला वेगळं ठेवलं, शेवटी जाळीपलीकडून ओळख करून दिली. जाळी काढली त्या दिवशी आपल्या थोरल्या कोंबडीने, जिला आई मास्तरीण म्हणते, त्याला अंगणभर पळवलं. एवढा तुरेवाला गडी, पण बादलीमागे तोंड लपवून बसला. चौथ्या दिवशी त्याला एक जाडजूड अळी सापडली. स्वतः खाल्ली नाही, कुक् कुक् करून मास्तरणीला बोलावलं. तिने ती मटकावली आणि भांडण मिटलं.

मी हे सगळं आईला सांगत होते. ती माझ्या शेजारीच बसली होती, तोंड कोंबड्यांकडे, आणि विचारत होती, "मग? खाल्ली का तिने? आणि रंग कसा गं त्याचा?" दुसऱ्याच दिवशी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. खुराड्यात ती हात फिरवून अंडी शोधते, ते मी सवय समजत होते.

काचबिंदू आहे. उजवा डोळा गेलाच, डाव्याने अगदी समोर धरलेलं तेवढं अंधुक दिसतं, तेही भरपूर उजेडात. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकावी म्हणून थेंब चालू आहेत, पण डॉक्टरांनी खात्री दिली नाही. कोंबडा का हवा होता, तेही शेवटी बोलली: "जाग येते तेव्हा उजाडलंय की नाही, कळत नाही गं. दर वेळी तुला कशाला उठवू?"

छोटीला कळवू नकोस, ती नव्या नोकरीत रुळतेय, अशी आईने शपथ घातली होती. ती मी आज मोडतेय. मिळेल तेवढी रजा घे आणि ये. परवा आई माझ्या गालावरून कितीतरी वेळ बोटं फिरवत होती. म्हणाली, "इथे तीळ होता ना गं?" मी हो म्हटलं. तीळ तुझ्या गालावर आहे, छोटे.

तुझी वाट बघणारी, तुझीच
ताई