बिस्किटचा नमस्कार

रहिमतपूर

ती. अंकिताताई,

साष्टांग नमस्कार. (रीत म्हणून नव्हे, या वेळी खरंच उपडं पडावंसं वाटतंय.) तुझा खोकला थांबला का? बंगळूरचं पाणी मानवलं का? इकडे सगळं छान, असं लिहायला हात धजत नाही. फोनवर सांगितलं असतं, पण आमच्या घरात फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात, आणि ही गोष्ट आप्पासोंच्या, म्हणजे तुझ्या मामांच्या, कानावर जायला नको.

तुझी चिंचिला (काकूंच्या भाषेत 'विलायती उंदीर') सुखरूप आहे, हे आधी सांगते. ट्रेनिंगला जाताना बिस्किटचा पिंजरा माझ्याकडे सोपवून तू म्हणालीस की तिचे आवाज ऐकत जा, सगळं कळेल. मी मनापासून ऐकलं आणि उलटं समजले. ती कुत्र्याच्या पिल्लासारखी भुंकली की भूक लागली समजून गवत वाढत गेले. ती भिऊन ओरडत होती. अनोळखी माणूस जवळ आलं की ती मागच्या पायांवर उभी राहून पुढचे पाय छातीशी धरायची. मला वाटलं, नमस्कार करते. (आपल्याकडे पाहुणा आला की पोरांना पहिलं तेच शिकवतात, मला दुसरं काय सुचणार?) आणि हे मी गल्लीभर सांगितलं.

बैल विकल्यापासून बेंदराला आम्ही ट्रॅक्टरलाच हार घालून ओवाळतो. यंदा तुझ्या मामी, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, "लोखंडाला किती वर्सं पोळी दाखवायची? जितं जनावर हाय की घरात!" झालं. पिंजरा अंगणात आला. हलगी वाजू लागली, बायका जमल्या. बिस्किट भुंकायला लागली. मी शहाण्यासारखं सांगितलं, भूक लागली असेल. मग ती उभी राहिली. "आगं बया, हात जोडतंय की!" असा गलका झाला. आप्पासोंनी टोपी काढली, पिंजऱ्यापाशी वाकले आणि तिला उलट नमस्कार केला. तिनं नेम धरून त्यांच्या मिशांवर पिचकारी मारली. (चिंचिलाची मादी फार घाबरली की उभी राहून असंच करते, हे मी नंतर वाचलं.) आप्पासोंना वाटलं, पिंजऱ्याला टांगलेल्या बाटलीतलं पाणी. "शिपडलं बघा! लय मायाळू हाय," म्हणत त्यांनी मिशा पुसल्या आणि ते पुरणपोळीला बसले.

वासावरून मला तिथंच कळलं होतं, ताई. तरी मी त्यांना पोळी वाढली, वर तूपही वाढलं. थोरल्यांशी खोटं बोलायचं नाही हे घरात शिकले. पण असलं खरं कसं बोलायचं, ते कुणी शिकवलं नाही. त्याहून वाईट म्हणजे बिस्किट कोपऱ्यात थरथरत होती. ती रोज सांगत होती की मला भीती वाटते, आणि मी तिची भीती बघायला माणसं गोळा केली. आता कुठे ती पुन्हा माझ्या हातावर येऊन बसते.

काकूंचा आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझी,
प्रियदर्शनी

ता. क. पत्र खरं यासाठी, की रविवारी काकूंचे भाऊ जयराजमामा म्हसवडहून घरची सगळी माणसं घेऊन नमस्कार बघायला येतायत. आप्पासोंनीच बोलावलंय. त्याआधी फोन कर आणि पिंजऱ्यापुढं कुणी उभं राहायचं नाही, असं मालकीण म्हणून बजाव. त्या पाण्याचंही तूच सांग. तू भाची आहेस, तुला माफ करतील.

ता. क. (दुसरा) फोन करू नकोस. पाकीट चिकटवताना आप्पासो आले आणि मी रडत सगळं सांगून टाकलं. म्हणाले, "आगं, पाणी कंचं ते मला कळत न्हाई व्हय? चारचौघांत तुझं त्वांड बघितलं अन् गप बसलो." मी विचारलं, मग मामांना का बोलावलंत? "त्यो लय शानपना करतुय. म्हटलं, त्यालाबी एकदा पुढं उभा करावा." मी थोरल्यांना आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं. बिस्किट भिते, म्हटलं. "लांबनं तरी?" नाही. मग त्यांनी मामांना कळवलं, की जनावर मालकिणीबरोबर बंगळूरला गेलं. मामा जेवायला मात्र येणारच आहेत, तेव्हा रविवारी मी तिला घेऊन दिवसभर माळ्यावर बसणार आहे. माझ्यापायी आप्पासो खोटं बोलले, याची लाज वाटते. मामांना मिशा आहेत हे आठवून मला हसू आवरेना, याची त्याहून जास्त वाटते.