कुत्र्याला वाचून दाखवलेल्या नोटिसा

४ ऑक्टोबर, सकाळी ६.५०
आजपासून रोजनिशी. मी बोलते, फोन लिहितो. नातीनं तशी सोय करून दिली आहे. तारीख तो आपणहून घालतो, वेळ लहर लागली तर. हे कुणी वाचायचं नाही. मीही वाचणार नाही, त्यामुळे खोटं बोलायचं कारण नाही.

काल थोरला येऊन गेला. म्हणाला, आई, बाबांना जाऊन दीड वर्ष झालं, आता बोट विकू आणि तू आमच्याकडे ये, वादळांच्या दिवसांत पाण्यावर कोण राहतं. मी म्हटलं, मी राहते. मग पैज लागली. हा मोसम मी एकटीनं काढायचा. दोर मी बांधणार, पाणी उपसायचा पंप मी चालवणार, मरीनाच्या ऑफिसचे कागद मी बघणार. कुणाचा हात लागला तर मी हरले, खुशाल गिऱ्हाईक आण. जिंकले तर विकण्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. सगळं कबूल केलं आणि जाता जाता विचारतो, पण आई, कागद कसे बघणार? पोटच्या पोरानं असं विचारावं. प्रश्न सुनेचा आहे, हा नुसता पोहोचवतो.

मला वाचता येत नाही असं नाही. मी शिकले नाही, एवढंच. मनावर घेतलं असतं तर आठ दिवसांचं काम होतं. एकाहत्तर वर्षांत आठ दिवस मोकळे मिळाले नाहीत.

निश्चय तीन. बोट सोडायची नाही. मदत घ्यायची नाही. शेजारच्या टोपीवाल्याशी बोलायचं नाही.

६ ऑक्टोबर, सकाळी ७.३०
हा मरीना म्हणजे एक लांब लाकडी धक्का आणि चाळीस बोटी. अडतीस रिकाम्या. मालक वर्षातून एकदा येतात, फोटो काढतात, जातात. कायम राहणारे दोघंच, मी आणि टोपीवाला. चाळीस जागा असताना हा माणूस नेमका माझ्या शेजारी.

जन्म गेला साबणाच्या कारखान्यात, वजनकाट्यावर. आता डोक्यावर सोनेरी नांगराची पांढरी टोपी, जसा काही समुद्र ह्याच्या हुकमानं हलतो. बोट कधी धक्क्यापासून हातभर लांब गेलेली नाही. सोबत एक तपकिरी म्हातारा कुत्रा, एक कान दुमडलेला.

ऑफिसातल्या मॅनेजरबाईला मी चिकटपट्टी म्हणते. जे हलत नाही त्यावर ती नोटीस चिकटवते. काल माझ्या कठड्यावर एक लावून गेली. आज बरोबर सात वाजता टोपीवाला आला, माझ्या नोटिशीसमोर उभा राहिला आणि कुत्र्याला ती वाचून दाखवली. मोठ्यानं, शब्द सुटे सुटे करून. सर्व बोटवाल्यांना कळवण्यात येते की, पंधरा तारखेच्या आत शिडं उतरवून गुंडाळावीत. कुत्रा समोर बसून मान तिरकी करून ऐकत होता. गेलं दीड वर्ष हेच चाललं आहे. एकटं राहून माणसाच्या डोक्याचं काय होतं ते बघा.

मी आत चहा करत होते. सात ही माझी पूर्वीपासूनची वाचनाची वेळ. हे असताना ह्याच वेळी पेपर वाचायचे आणि मी तपासायचे.

योगायोग म्हणजे शीड उतरवायचं माझ्या मनात आधीपासून होतंच.

७ ऑक्टोबर
नातीचा फोन. म्हणते, कागदावर कॅमेरा धरला की फोन वाचून दाखवतो, शिकवू का आजी? मी म्हटलं, नको. एकदा वाचायची सवय लागली की माणूस विचार करायचा थांबतो. तिच्या आईचं उदाहरण देणार होते, दिलं नाही. दुपारी दिलं.

शिवाय इथं कुणाला संशयसुद्धा नाही. कागद आला की मी ह्यांचा चष्मा लावते. त्यातून सगळं वाफेतून पाहिल्यासारखं दिसतं, पण चेहरा वाचणाऱ्याचा होतो.

१० ऑक्टोबर, दुपारी
शीड उतरवलं. म्हणजे ते उतरलं. एकदम. मी खाली होते. तासभर कापडाखाली बसून पुढच्या कामांची आखणी केली, तेवढीच शांतता. मग कुत्रा एका बाजूनं भुंकला तेव्हा बाहेरची दिशा कळली. हिला मदत म्हणत नाहीत, तो कुत्रा आहे.

संध्याकाळी पाहिलं तर शीड व्यवस्थित गुंडाळून तीन जागी बांधलेलं. मीच बांधलं असणार. कामाच्या भरात लक्षात राहत नाही.

१४ ऑक्टोबर, सकाळी ७.२०
नवी नोटीस. टोपीवाल्यानं कुत्र्याला सांगितलं, सर्व बोटवाल्यांना कळवण्यात येते की, वादळात पाणी दीड हात चढू शकतं, तेव्हा दोर दुहेरी करावेत आणि हातभर ढिले सोडावेत, घट्ट बांधलेली बोट पाण्याबरोबर वर येऊ शकत नाही, खुंटे उपटतात नाही तर बोट कलंडते. हे वाक्य त्यानं दोनदा वाचलं. कुत्रं ढिम्म. कुत्र्याला दोनदा कशाला?

डाव कळला मला. माझे दोर ढिले व्हावेत, बोट इकडे तिकडे आपटावी, मी हरावं, बोट विकली जावी आणि ह्याला शेजारची जागा मोकळी मिळावी. ढिला दोर हे आळशाचं काम. मी आयुष्यभर वळकट्या बांधल्या, ट्रंका बांधल्या, ह्यांना बांधून ठेवलं, कुठंच ढील दिली नाही. सहाही दोर पाय लावून आवळले. बोट आता भिंतीसारखी उभी आहे. पाठ धरली आहे.

१५ ऑक्टोबर
दोर ढिले.

१५ ऑक्टोबर, १०.००
आवळले.

१६ ऑक्टोबर
ढिले. निश्चय मोडून टोपीवाल्याला जाब विचारला. म्हणाला, वहिनी, पाणी चढणार आहे हो. मी म्हटलं, तुम्हाला विचारून चढणार का? तो म्हणाला, नाही, म्हणून तर. मी म्हटलं, वजनकाट्यावर बसून समुद्र कळत नाही. तो टोपी नीट करून आत गेला.

१७ ऑक्टोबर
आवळले. वरून आणखी एक गाठ मारली, जी मलाही सुटणार नाही.

१८ ऑक्टोबर
सुटली आहे.

२० ऑक्टोबर, दुपारी १२.००
ऑफिसात जाऊन तक्रार केली. छोटी खोली, पंख्याखाली कागद फडफडतात, प्रत्येकावर एक एक शिंपला. चिकटपट्टीनं सगळं ऐकून घेतलं आणि तक्रारीचा फॉर्म पुढं केला. मी म्हटलं, चष्मा बोटीवर राहिला. ती म्हणाली, आजी, तो तुमच्या डोळ्यांवर आहे. मी म्हटलं, हा लांबचा.

फॉर्म घेऊन आले. अक्षर इतकं बारीक की तो अपमानच होता. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला. टेबल आता हलत नाही. म्हणजे खेप फुकट गेली नाही.

२४ ऑक्टोबर, सकाळी ७.१०
ऑफिसवर लाल बावटा चढला. नोटीस अशी की, उद्या दुपारी बारापर्यंत सर्वांनी बोटी सोडून शाळेच्या हॉलमध्ये जमावं. टोपीवाल्यानं आज कुत्र्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ माझ्या खिडकीकडे तोंड करून वाचलं. शिष्टाचार म्हणून काही राहिलं नाही.

मी जाणार नाही. कप्तान बोट सोडत नसतो.

थोरल्याचा फोन, गाडी घेऊन येऊ का. मी म्हटलं, आलास तर मदत धरली जाईल. तो म्हणाला, आई, पैज गेली खड्ड्यात. मी म्हटलं, तुझी जाईल, माझी नाही.

दोर शेवटचे आवळले. असे की खुंटे कुरकुरले.

२५ ऑक्टोबर, सकाळी ११.४०
वारा शिट्ट्या घालतो आहे. डोलकाठ्या हलताहेत, चाळीसच्या चाळीस. टोपीवाला कुत्र्याला घेऊन आला, म्हणाला, वहिनी, ह्याला हॉलवर नेता का, हा माझ्याबरोबर यायला तयार नाही, घाबरलाय. कुत्रा शेपटी हलवत होता, पण भीती आतल्या आत असते. त्याच्यासाठी म्हणून निघाले. मी बोट सोडली असं नाही, कुत्रा पोहोचवायला गेले.

२५ ऑक्टोबर, दुपारी २.१५, शाळेचा हॉल
बुटकी बाकं. गुडघे छातीशी. आलेल्या प्रत्येकानं एक फॉर्म भरायचा, नाव, बोटीचा नंबर, घरच्यांचा फोन. मी चष्मा काढून पुसायला घेतला. चिकटपट्टी म्हणाली, आजी, तुमचा भरलेला आहे, तुमचे शेजारी नेहमीच भरतात.

नेहमीच म्हणजे काय, ते मी विचारायला नको होतं.

म्हणे हे आजारी असताना टोपीवाल्याला सांगून गेले. रोज सात वाजता तिला वाचून दाखव, पण तिला वाचून दाखवतोस असं कळू देऊ नकोस, फार चिडेल. कुत्र्याची कल्पना ह्यांचीच. ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून नोटीस माझ्याच कठड्यावर लागते, त्याच्या बोटीवर लावतसुद्धा नाहीत.

मी म्हटलं, त्या कुत्र्याला वाचनाची खरंच आवड आहे. ती हो म्हणाली. फार लवकर हो म्हणाली.

गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. तासभर प्रयत्न केला.

२५ ऑक्टोबर, ३.३०
टोपीवाला सगळ्यांत शेवटी आला. चिंब. डोक्यावर टोपी नाही. दोन्ही तळहात दोरानं सोललेले. इतका वेळ कुठं होता ते मी विचारलं नाही. निश्चय क्रमांक तीन. कुत्र्याला म्हटलं, जा, बघ त्याला काय झालं. कुत्रा गेला.

२६ ऑक्टोबर, सकाळी १०.००
धक्का अर्धा वाकडा झाला आहे. चौदा बोटी बुडाल्या. माझी जिथं होती तिथं उभी आहे, फक्त पंप दोनदा चालवावा लागला. मी बांधलेली बोट.

दोर हातभर ढिले आहेत आणि दुहेरी आहेत. माझे पांढरे. त्यांच्या जोडीचे निळे. निळे कुणाचे तरी असतील.

टोपीवाल्याची बोट दिसत नाही. डोलकाठीचं टोक तेवढं पाण्याबाहेर आहे. त्याच्या खुंट्यांवर एकेक दोर तुटून लोंबतो आहे. निळा. एकेकच.

२८ ऑक्टोबर
थोरला आला. धक्का पाहिला, बुडालेल्या पाहिल्या, माझी पाहिली. मग म्हणाला, आई, हरलो, ह्यापुढे विकायचं नाव काढणार नाही. खुंट्यांशी वाकून गाठी पाहिल्या आणि म्हणाला, हे निळे कुठून आणलेस, ह्यांनीच वाचवली बघ बोट. मी म्हटलं, जुने होते. सुनेला फोन लावून त्यानं माझ्या गाठींचं कौतुक केलं. मी मध्ये बोलले नाही. मोठ्यांनी बोलायचं कुठं आणि थांबायचं कुठं ते मला कळतं.

जिंकल्यावर भूक लागते असं ऐकलं होतं. लागली नाही.

३१ ऑक्टोबर, सायंकाळी ५.००
टोपीवाला आतल्या गावी बहिणीकडे राहायला चालला. तिच्या इमारतीत कुत्रा चालत नाही. दोरी माझ्या हातात दिली. मी निळे दोर सोडून, गुंडाळून ठेवले होते, ते पुढं केले. तो म्हणाला, राहू द्या वहिनी, मोसम अजून संपला नाही, आणि मला आता बांधायला काय आहे. मी म्हटलं, ढिले दोर बांधणं हे माझं मत कधीच नव्हतं. तो म्हणाला, माहीत आहे. मग म्हणाला, ह्याला खायला दोनदा, आणि सकाळी सातला काहीतरी वाचून दाखवायचं, सवय आहे त्याला. मी म्हटलं, दाखवीन, चष्मा आहे माझ्याकडे. तो हसला असता तर चार शब्द सुनावले असते. हसला नाही.

बोडकं डोकं अगदी लहान दिसतं त्याचं.

आभार मानायचे राहिले. बस लवकर सुटली. बस वीस मिनिटं उभी होती, पण सुटली तेव्हा एकदम सुटली.

३ नोव्हेंबर, सकाळी ७.००
कठड्यावर नवी नोटीस. लाल अक्षरांत. लाल म्हणजे महत्त्वाची. ऑफिसवर बावटा नाही, म्हणजे वादळाची नसेल. किंवा बावटाच उडून गेला असेल.

कुत्रा नोटिशीसमोर जाऊन बसला आहे.

७.०५
चष्मा लावून बाहेर आले. मोठ्यानं वाचलं, सर्व बोटवाल्यांना कळवण्यात येते की. तिथपर्यंत मला पाठ आहे. कुत्र्यानं मान तिरकी केली.

७.१२
पुन्हा वाचलं. सर्व बोटवाल्यांना कळवण्यात येते की, सगळं ठीक आहे, काळजी नसावी. कुत्रा उठला नाही. एरवी शेवटच्या शब्दाला उठतो.

७.४०
अजून बसला आहे. आता नोटिशीकडे बघत नाही, माझ्याकडे बघतो आहे.

८.१०
नातीला फोन लावला. ते कॅमेऱ्याचं काय म्हणत होतीस, विचारलं. ती म्हणाली, अगं, पण तुला तर नको होतं ना? मी म्हटलं, मला नकोच आहे. कुत्र्याला हवं आहे.