ग्लासी पाणी

नागभीड,
कार्तिक, १९५४

प्रिय खुशाल,

दवाखान्यातून लिहिलेलं तुझं पत्र मिळालं. क्षयासाठी छातीचं ऑपरेशन करू देणार नाही, बरगड्या कापून घेण्यापेक्षा आहे तसा पडून राहीन, असं लिहिलंस. शेवटी आणखी एक ओळ: ‘लटारू, आता पाहायचं काय राहिलं? आणि उत्तरात भाषण नको.’ भाषण सोडून मला दुसरं येतं तरी काय? म्हणून काल सकाळी जे पाहिलं तेवढंच सांगतो.

आपल्या तळ्याच्या पाळीवरचा तो खेळ आठवतो ना? तुझ्याकडे कव्हर फाटलेली इंग्रजी डिक्शनरी होती, माझ्याकडे नुसतं तोंड. पाण्याचा वरचा पदर बदलेल तसा त्याला एकेक इंग्रजी शब्द लावायचा. वारा सुटला की रिपल. दुपारचं ऊन नाचायला लागलं की शिमर. सांडव्याखाली फोम. म्हशी उतरल्या की तू म्हणायचास, याला इंग्रजांकडे शब्द नाही, त्यांच्या म्हशी पोहत नसतील. एका शब्दावरचं भांडण मात्र मिटलं नाही: ग्लासी, म्हणजे काचेसारखं, जराही न हालणारं. तू म्हणायचास, असं पाणी असतं, कधीतरी, कुठेतरी. मी म्हणायचो, शब्दच खोटा आहे. पाणी म्हणजे हालणं. जे हालत नाही ते मेलेलं, त्यावर शेवाळ धरतं. पुढे ग्रंथ वाचले, तुरुंग पाहिला, आणि गावोगाव तेच सांगत फिरलो: गप्प बसलेला माणूस आणि साचलेलं पाणी यांत फरक नाही. टाळ्या पडायच्या. तू तेवढा मागच्या रांगेत बसून हसायचास.

काल मला त्याच तळ्यावर बोलायचं होतं. मालगुजारांची मालकी गेली, तळं सरकारकडे आलं; आता मासेमारीचा हक्क इथल्या ढिवरांच्या सोसायटीला मिळावा, म्हणून सभा. उजाडता उजाडता पोचलो, तर पाळीवर सारं गाव बायापोरांसकट बसलेलं, आणि कुणी बोलत नव्हतं. पावसाळ्यानंतरचं पहिलं जाळं पडायचं होतं. त्याआधी पाणी निवळू द्यायचं, ही त्यांची रीत. गुरं अडवून धरलेली, घागरसुद्धा बुडवायची नाही. मला वाटलं, लोक जमलेच आहेत. घसा खाकरून ‘बंधुभगिनींनो’ म्हटलं, तोच शेजारची सुगंधाबाई नावाची म्हातारी हळूच म्हणाली, ‘भाऊ, बसा न खाली. तुमच्या आवाजानं मासोळ्या नागपूरले पोचतीन.’ जाळं मांडीवर घेऊन बसलेला डोमा पुटपुटला, ‘जाऊ दे न बाई. सरकारी साहेब तिथीच बसते. आपला अर्ज देऊन येतीन.’ माणसं तोंडावर हात धरून हसली. मी बसलो.

धुकं हळूहळू वर गेलं आणि तळं उघडलं. खुशाल, त्याला वरचा पदरच नव्हता. पलीकडच्या टेकडीवरचे साग जसे वर गेले होते तसेच खाली उतरले होते. बगळ्याच्या पायाखाली दुसरा बगळा उभा होता. पाणी कुठे सुरू होतं ते सांगता येईना. मोहाचं एक पिकलं पान गळालं. वरून ते येत होतं, तसं खालूनही एक पान वर येत होतं. दोघं भेटली. तिथून एक गोल निघाला, पसरत पसरत माझ्या पायाशी येऊन मिटला, आणि तळं पुन्हा होतं तसं झालं. भीतीनं गप्प बसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ही तशी नव्हती. ती सगळी मिळून ते पाणी धरून बसली होती.

मग डोमानं बोट दाखवलं. मधोमध एक बुडबुडा आला आणि फुटला. बाजूला दुसरा. हललेल्या पाण्यात ते कुणाला दिसलेच नसते. खाली गाळात कुणीतरी श्वास घेत होतं, आणि इतकी माणसं स्वतःचा श्वास रोखून तो पाहत होती. तुझी छाती आठवली. तिथून उठावंसंच वाटेना.

नंतर जाळं पडलं, आरडाओरडा झाला, माझी सभाही झाली. फार लवकर संपली. ‘आज भाऊले बरं नाई वाट्टे,’ असं सुगंधाबाई डोमाला सांगत होती.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. पाहायचं काय राहिलं असं विचारतोस ना, हे राहिलं आहे. मी वादात आजवर कुणापुढे हरलो नाही, आणि हार कागदावर कबूल करणार नाही. पुढच्या कार्तिकात त्याच पाळीवर, सगळ्या गावासमोर, मोठ्यानं कबूल करीन, मग मासोळ्या नागपूरला गेल्या तरी चालतील. पण ते ऐकायला तू पाहिजेस. सोमवारी डॉक्टर पुन्हा विचारतील, तेव्हा हो म्हण. मी रविवारच्या गाडीनं येतो आणि तुझ्या खाटेशी बसतो. भाषण करणार नाही. तुझा श्वास वर येताना पाहत गप्प बसेन; ते आता मला जमतं.

तुझाच पाळीवरचा भांडखोर,
लटारू