पालकांच्या इच्छेवरून

प्रिय नाना,

तुमचं वर्षश्राद्ध महिन्यावर आलंय आणि इतक्या दिवसांत मी तुमच्याशी मनातल्या मनातही धड बोलले नाही. आज लिहितेय, कारण आज दुपारी दहावीचा निकाल लागला. जुलैच्या फेरपरीक्षेचा. मी दिलेल्या एकाच विषयाचा. गणिताचा, नाना! तुमच्या विषयाचा!

किती मिळाले ते नंतर सांगते. आधी थोडं भांडायचंय.

नववीचं आठवतं का तुम्हाला? सहामाहीला मला गणितात अकरा मिळाले होते. तपासणारे तुम्हीच. वर्गात पेपर वाटताना माझा पेपर तुम्ही उलटा करून माझ्या बाकावर ठेवलात, जणू कुणी मेल्याची चिठ्ठी. वार्षिकलाही तेच झालं. घरी तुम्ही ओरडला नाहीत, मारलं नाहीत. घरात कायम अहिराणी बोलणारे तुम्ही, पण त्या संध्याकाळी शाळेतल्या मराठीत बोललात : "कल्पना, गणित तुझ्या डोक्यात जाणार नाही."

अहिराणीत बोलला असतात तर मी भांडले असते. शाळेतल्या भाषेपुढे काय बोलणार?

शाळा तिथेच सुटली आणि त्याच वैशाखात माझं लग्न लागलं. तळोद्याला आले. हे सुरतेला कामाला गेले, होळीला येतात आणि जातात. मी मुलींच्या वसतिगृहात रोजंदारीवर भाकऱ्या थापायला लागले. साठ मुली, दोन वेळा. तुम्हाला अर्धांगवायू झाला तेव्हा मीच तुम्हाला आणि आईला इथे, वसतिगृहामागच्या दोन खोल्यांत घेऊन आले. एका बाजूला तुमची खाट, दुसऱ्या बाजूला गॅस. तुम्हाला पुसायचं, भरवायचं, कूस बदलायची आणि पळायचं भाकऱ्यांना. सोळा पावलांत माझं सगळं जग. कधीकधी वाटायचं, दार उघडं असूनही मी कोंडलेली आहे.

मग वसतिगृहात सरकारी कागद आला. रोजंदारीवरच्यांना कायम करणार, पण दहावी पास असलेल्यांनाच. बाकीच्यांचं काम पुढच्या वर्षी बंद.

बाहेरून दहावी द्यायची तर सतरा नंबरचा फॉर्म लागतो आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला. तो आणायला मी तुमच्याच शाळेत गेले. क्लार्क म्हणाला, "गुरुजींची मुलगी ना तुम्ही? इतक्या वर्षांनी?" त्यानं जुनं रजिस्टर काढलं, दाखला लिहिला. शाळा सोडण्याचं कारण : पालकांच्या इच्छेवरून.

एवढंच. मी तिथल्या बाकावर बसून ते तीनदा वाचलं. माझ्या इच्छेचा रकानाच नव्हता का हो?

फॉर्म भरला त्या दुपारी मी तुम्हाला सांगितलं. तेव्हा तुमचा एकेक शब्द फुटत होता. "नाना, मी दहावीला बसतेय."

तुम्ही मान माझ्याकडे वळवलीत. मग म्हणालात, "गणित?"

"हो. गणित पण."

आणि तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. काय होतं ते? लाज? की हसू आलं होतं? नवरात्राच्या आधी तुम्ही गेलात आणि ती फिरवलेली मान माझ्यापाशी राहिली. पुस्तक उघडलं की पहिल्या पानाच्या आधी तीच दिसायची. तुमच्या दुसऱ्या कशापेक्षा मला तीच जास्त आठवते, हे बरं आहे का?

मार्चमध्ये परीक्षा दिली. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर पोरंपोरी उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, मी पेपरवरची बाई! मी मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा केवढी हसली! मराठी, इतिहास, विज्ञान, सगळं निघालं. गणितात नापास झाले. बीजगणिताच्या पेपरला पहिला अर्धा तास मी फक्त समास आखले. मग दोन समीकरणं समोर आली आणि हात थांबला. घामानं उत्तरपत्रिका बोटांना चिकटली. उठून जायची सोय नव्हती, बसून काही सुचत नव्हतं.

आई म्हणाली, "जाऊ दे माय, आते शिकीसन काय करस?" तिचंही चुकत नव्हतं. पण जाऊ कुठे देणार? काम गेलं तर या खोल्याही जाणार.

तेव्हा मला दिलीप भेटला. जीप चालवतो, तळोद्याहून वर डोंगरातल्या गावांना. वसतिगृहाच्या मुलींना सुटीला तोच नेतो. मे महिन्यात मुलींना बसवायला मी स्टँडवर गेले होते, हातात पुस्तक. जीप भरेपर्यंत हलत नाही, म्हणून एका दगडावर बसून वाचत होते. तो वाकून म्हणाला, "ताई, हे तर दोन चलांचं समीकरण. अडलं का?"

मला हसूच आलं. जीपवाला मला बीजगणित विचारतोय!

तो म्हणाला, "हे बघा. जीपमध्ये मोठी माणसं एक्स, पोरं वाय. मोठ्याला एक जागा, पोराला अर्धी. डोकी बारा, जागा भरल्या नऊ. पोरं किती?"

मी बोटांवर केलं, खोडलं, मग पुस्तकाच्या कडेला लिहिलं. "सहा."

"मोठी?"

"तीही सहाच!"

"सुटलं की, ताई!"

मी विचारलं, "कुठे शिकलास?" त्यानं तुमचं नाव घेतलं, नाना. लहानपणी तो खाली आपल्या गावाकडे शिकायला राहिला होता. दोनदा नापास झालेला. "गुरुजी रोज शाळा सुटल्यावर मला व्हरांड्यात बसवायचे. एक तास. म्हणायचे, चुकू दे, पुन्हा कर."

मी तुमची मुलगी आहे, हे त्याला तेव्हा सांगितलं नाही. तो तास मला माहीत आहे. त्या तासाला मी घरी तुमच्या चहाचं आधण ठेवून वाट बघायचे. आई विचारायची, "आजून कसा उना नही हाऊ माणूस?" आणि तुम्ही व्हरांड्यात दुसऱ्याच्या पोराला म्हणत होतात, चुकू दे! मला का नाही म्हणालात? मला एकदा तरी का नाही?

त्या दिवसापासून दुपारच्या फेरीआधी मी स्टँडवर जायचे. जीप भरेपर्यंत जेवढं होईल तेवढं. कधी दहा मिनिटं, कधी तासभर. दिलीपला त्रिकोणमिती येत नव्हती, ती मी एकटीनं केली. रडत केली, पण केली. शेवटी एक दिवस त्याला सांगितलं मी कोण ते. तो म्हणाला, "मग तुम्हाला माझी काय गरज होती, ताई?"

आता एक कबूल करते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. आठवीतली जमना भाकरी शिकायला माझ्याजवळ येऊन बसली. तिची पहिली फाटली, दुसरी फाटली. माझी कंबर मोडलेली, चाळीस भाकऱ्या बाकी, बाहेर मुली ताटं वाजवत होत्या. मी म्हटलं, "सरक. तुझ्या हातात नाही ते."

ती उठली. पिठाचे हात तसेच घेऊन गेली. आणि मी गार पडले, नाना. कारण मला तिचा राग नव्हता, तिच्याबद्दल माझं काही मतही नव्हतं. मी फक्त दमले होते.

तुम्हीही तेवढेच होतात का? दिवसभर पोरांना शिकवून दमलेले, आणि मास्तरांच्या खोलीत आपल्याच मुलीच्या अकरा गुणांनी मान खाली गेलेली? असेल. पण दमलेल्या माणसाच्या एका वाक्यात मी बावीस वर्षं अडकून पडले, हेही तुम्हाला कळायला हवं.

तर निकाल. त्रेचाळीस, नाना! पास! मी मोबाईल आईपुढे धरला. ती म्हणाली, "मंग आते भाकरी थापानं सुटी का तुन्हं?"

मी आधी हसले, पण भाकऱ्या सुटणार नाहीत. पास झाले म्हणजे कायम होणार, आणि कायम म्हणजे याच खोल्या, हाच तवा, निवृत्त होईपर्यंत. एवढा जीव काढून मी इथेच राहायची परवानगी मिळवली! दिलीपनं पेढे वाटले, सगळे हसले, मीही हसले. आत कुठेतरी दार तसंच होतं.

म्हणून बारावीचा फॉर्मही आणलाय. तो मला कुठे नेईल, ठाऊक नाही.

मी तुम्हाला माफ केलं असं लिहिणार होते. खोटं कशाला लिहू? अजून नाही केलं. पण एक वचन देते. उद्या सकाळी जमनाला बोलावून तव्याजवळ बसवणार आहे. तिच्या भाकऱ्या फाटतील, मुलींना जेवायला उशीर होईल, वॉर्डनबाई ओरडतील. ओरडू देत. फाटक्या मी खाईन, पण तिला सरक म्हणणार नाही.

तुमची मुलगी,
कल्पना