माझं मौन आणि इतरांची कारस्थानं

३ जानेवारी, शुक्रवार
नवीन वर्ष, नवीन वही. ही वही खाजगी आहे. बायको, म्हणजे सुखदा, वाचत असेल तर तिने इथेच थांबावं.

संकल्प : महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात मूकाभिनय सादर करणे. विषय : पोलंडचे आद्य मूकाभिनेते वितोल्द झारेम्बा यांचं जीवन. ही माहिती मला एका पोलिश बाईंकडून मिळाली. हॉस्पिटलमध्ये माझ्याकडे खांद्याचा एक्स-रे काढायला आल्या होत्या. झारेम्बांचा शेवटचा प्रयोग त्यांनी स्वतः बघितलाय. बेकरीवाल्याचा मुलगा. लहानपणी युद्धात बेकरीखालच्या तळघरात लपले. आवाज केला तर मरण. तिथे आई त्यांना हातांनी पाव मागायला शिकवायची. मोठेपणी त्यांनी स्वतःची नाटकमंडळी काढली. सरकारी अधिकारी आक्षेपार्ह वाक्यं कापायला यायचे, पण नाटकात वाक्यच नसायचं.

ऐकता ऐकता अंगावर काटा आला. मग मी बाईंना माझे विचार सांगितले. त्यांना निघायची घाई होती, खांदा दुखत असावा.

आखातातला पहिला मराठी मूकाभिनेता. कार्डावर कसं दिसेल?

५ जानेवारी
मंडळाची मीटिंग. सेक्रेटरी जगन्नाथ टिपणीस यांना कल्पना सविस्तर समजावली. ते म्हणाले, विजयराव, सगळे गोड बोलायला जमणार आणि तुम्ही गप्प बसणार? तरी त्यांनी वेळ दिला. माझं बोलणं चालू असताना तोंडावर दोनदा हात ठेवला. मूकाभिनयाच्या अभ्यासकाला अशा खुणा लगेच कळतात. काहीतरी लपवताहेत. आयडिया ढापणार.

८ जानेवारी
साधना सुरू. संध्याकाळी घरात मौन.

एक गंभीर गोष्ट लक्षात आली. मी दार उघडलं की सुखदा आणि आमची लेक स्वरा बोलायच्या थांबतात. आजही तेच. लिफ्टमधून बाहेर पडलो तेव्हा हसणं ऐकू येत होतं. बूट काढेपर्यंत चिडीचूप. काय चाललंय ते विचारण्यासाठी मौन सोडावं लागलं. मग विषयातून विषय निघाला. जेवण होईपर्यंत मीच बोलत होतो, त्या दोघी शब्दाने बोलल्या नाहीत. यावरूनच काय ते समजावं.

मौन उद्यापासून.

११ जानेवारी
हॉस्पिटलमध्येही साधना. पेशंटला ‘श्वास धरा, हलू नका’ हे तोंडाने न सांगता अभिनयाने सांगितलं. आजोबा घाबरून टेबलावरून उतरले आणि स्वतःच्या मुलाला हाका मारायला लागले. इजिप्शियन सुपरवायझरने लेखी समज दिली. त्याला थिएटरमधलं काही कळत नाही, किंवा फार कळतं.

मौन : दुपारपर्यंत टिकलं. मग सुपरवायझरला मूकाभिनयाचा इतिहास समजावावा लागला.

१४ जानेवारी
धागा सापडला. सुखदा बाल्कनीत फोनवर हळू आवाजात बोलत होती. ‘हमीदभाई, त्यांना कळता कामा नये.’

हमीदभाई म्हणजे मंडळाचे साउंडवाले. मूळ रत्नागिरीचे, वरच्याच मजल्यावर राहतात. त्यांची हिना स्वराच्या वर्गात. इतकी वर्षं ईदला बिर्याणी पाठवणारा माणूस!

सुखदाला सरळ विचारलं नाही. अप्रत्यक्षपणे विचारलं, बराच वेळ. ती म्हणाली, उद्या माझी मॉर्निंग ड्यूटी आहे, झोपू दे. नर्स लोकांना विषय बदलायचं ट्रेनिंगच असतं.

१७ जानेवारी
शाळेच्या हॉलमध्ये रिहर्सल. माझ्यासाठी स्टेजवर एकही माईक नाही! गायकांचे माईकसुद्धा माझ्या आयटमआधी उचलून न्यायचं ठरलंय. कॉलर माईक तरी द्या म्हटलं. श्वासाचा आवाज महत्त्वाचा असतो.

हमीदभाई म्हणाले, ‘भावजी, तुम्हाला गप रवायचाय ना? मग माईक कशाक?’

असं म्हणताना त्यांनी सुखदाकडे बघितलं. तिने मान खाली घातली. खुणांची भाषा मला कोणी शिकवू नये. टिपणीस, हमीदभाई, सुखदा. साखळी पूर्ण.

सूड म्हणून घरी येताना एकट्याने दोन फालुदे खाल्ले आणि वर बर्फाचं पाणी प्यायलो. थंडी मी म्हणत होती.

१९ जानेवारी
घसा बसला. आवाजच नाही. डॉक्टर म्हणतात, आठवडाभर बोलायचं नाही.

नियतीने मला झारेम्बांच्या तळघरात ढकललंय. आता बघा.

२३ जानेवारी
स्वरा विचित्र वागते आहे. एरवी स्वतःच्या खोलीत असते, हल्ली संध्याकाळी माझ्या शेजारी सोफ्यावर येऊन बसते. काल खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, हातात धरून पाव कापायची प्रॅक्टिस करत होतो. तिने अर्धा मागितला. शब्दाने नाही, हाताने. मी दिला. बसून खाल्ला.

आज तर बोलतच सुटली. सगळं इंग्लिशमध्ये. हिना पुढच्या महिन्यात कायमची इंडियाला चालली आहे. शाळेत डबा आता कोणाबरोबर खायचा, बसमध्ये शेजारी कोण बसणार. बोलता बोलता रडली. घसा बरा असता तर मैत्री या विषयावर मुद्देसूद सांगितलं असतं. नाइलाजाने नुसता डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ तशीच बसली.

हमीदभाईंच्याच घरची बातमी नेमकी आत्ताच माझ्या कानावर का घालण्यात आली? लक्ष ठेवलं पाहिजे.

२७ जानेवारी
आवाज परत आला. घरच्यांना ही आनंदाची बातमी सकाळपासून रात्रीच्या जेवणापर्यंत देत होतो. स्वरा खोलीत गेली. होमवर्क असेल.

३१ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ९
आज. चेहऱ्याला पांढरा रंग, काळी पँट. एकही शब्द नाही. झारेम्बा, आशीर्वाद असू द्या.

१ फेब्रुवारी
सविस्तर लिहायची इच्छा नाही.

सुरुवात उत्तम झाली. बेकरी, विमानं, तळघराच्या पायऱ्या. मग आई हातानेच पाव मागायला शिकवते तो प्रसंग. मी हात पुढे केला आणि हॉल शांत झाला. लहान मुलंसुद्धा गप्प. इतकी माणसं, एक खोकला नाही. मला शंका आली. ही माणसं एवढी गप्प का? यांना काही कळलेलं नाही, किंवा सगळे मिळून माझी मजा बघताहेत. पहिल्या रांगेत सुखदा पदर डोळ्यांना लावत होती, हसू लपवायला. शेजारी स्वरा हात पुढे करून बसली होती. कोणाला खुणावत होती कोण जाणे.

मी म्हणालो, ‘हे तळघर आहे.’

एवढंच म्हणणार होतो. मग वाटलं, बेकरीचंही सांगावं. मग पोलंडचा नकाशा. माईक नसल्यामुळे ओरडावं लागलं. टिपणिसांनी पडदा पाडला तेव्हा मी युद्धाच्या कारणांवर होतो. पडद्यासमोर येऊन तेही पूर्ण केलं.

घरी येताना सुखदाने कबूल केलं. माईक तिनेच काढायला सांगितले होते. म्हणाली, ‘तू बोलशील याची भीती होती, विजय. आणि मी रडत होते. तू बोलायला लागेपर्यंत.’

गाडीत पुढे कोणी काही बोललं नाही. मीसुद्धा, जवळजवळ.

२ फेब्रुवारी
आज स्वरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘बाबा, व्हेन विल यू लूज युअर व्हॉइस अगेन?’

हे तिला कोणी विचारायला सांगितलं, अशी आधी शंका आली. कोणीच नसावं. मी उत्तर द्यायला सुरुवात केली. दुसऱ्या मुद्द्याला वर बघितलं तर दारात कोणी नव्हतं.

फार वाईट वाटलं. कोणाला सांगायची सोय नाही, सांगायला गेलो की माणसं उठून जातात.

रात्री ८. सुखदा ड्यूटीवर. स्वराच्या खोलीचं दार बंद. फालुदा आणलाय. फ्रीजमधल्या पाण्यात बर्फही टाकलाय. दुसरा ग्लास चालू आहे.