गाडीत दोनच माणसं

३ जून

चि. ठमीस,
अ. उ. आ.

फोनवर आपण दोघी नुसत्या रडतो आणि बोलायचं राहून जातं, तेव्हा काय झालं ते लिहूनच कळव म्हणालीस. म्हणून बसले लिहायला.

त्या सकाळचं आमचा निरोप घेतल्यानंतरचं तुला काही आठवत नाही, हे एका परीने बरंच आहे. तू सायकल काढून तुझ्या दातांच्या लॅबला निघालीस, आणि पाठोपाठ यांचे साहेब तुझ्या दारात आम्हाला न्यायला आले. साहेब चालवत होते, हे त्यांच्या शेजारी, मी मागे. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तू पुढे दिसलीस. मी म्हटलंसुद्धा, ती बघा आमची ठमी. हेल्मेट घालून, डाव्या कडेने, आखल्यासारखी सरळ चालली होतीस. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. एका हाताने फोन कानाला, दुसरा स्टिअरिंगवर. गाडीने तुला ओलांडलं आणि लगेच पेट्रोल पंपात शिरायला डावीकडे वळली. त्यांनी आरशात पाहिलं नाही. तुला ब्रेक लावायलाही जागा नव्हती. पुढचा आवाज मी लिहीत नाही.

हाताचं प्लास्टर सुकलं का? सगळ्या गावाच्या तोंडात तुझ्या हातच्या कवळ्या आहेत, आता तुझ्याच तोंडात घास भरवायला कुणी नाही, हे मनातून जात नाही. शेजारच्या शिक्षिकाबाईंना नको नको म्हणू नकोस. त्या देतील ते गुमान खा.

माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

२१ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षराला हसू नकोस. डावा हात आहे, कोंबडीने पाय उमटवावेत तसं उमटतंय.

साहेबांच्या ऑफिसातून एक गृहस्थ आले होते, फळं आणि फुलं घेऊन. गोड बोलले. झालं गेलं विसरा, दवाखान्याचा खर्च आम्ही देतो, फक्त इथे सही करा म्हणाले. उजव्या हाताने सही होत नव्हती. अंगठा चालेल म्हणाले. अंगठा प्लास्टरच्या आत. असे हिरमुसले बिचारे की मलाच हसू आलं, आणि बरगड्या दुखल्या.

त्या कागदात यापुढे माझी कसलीही मागणी राहणार नाही असं लिहिलेलं होतं, हे नंतर कळलं. शिक्षिकाबाईंनी मला एका वकीलबाईंकडे नेलं. त्यांच्या आईची कवळी मीच केली होती, म्हणून फी पुढे बघू म्हणाल्या. त्यांनी सांगितलं की कशावरही सही करायची नाही. दवाखान्याचा कागदन् कागद जपायचा. मोडकी सायकल भंगारात द्यायची नाही, दुरुस्तही करायची नाही, ती पुरावा आहे. भरपाई साहेबांच्या खिशातून नव्हे, गाडीच्या विम्यातून मागायची, आणि तो माझा हक्क आहे, कुणाचे उपकार नव्हेत. साहेबांवर पोलीस काय करतील ती बाब वेगळी.

मग साक्षीदार कोण ते विचारलं. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, माझी सख्खी ताई आणि भावोजी त्याच गाडीत होते.

तब्येतीला जप, आणि मला विसरू नकोस.
तुझी ठमी

२ जुलै

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या कोंबडीचे पाय मला छान लागले.

हे म्हणतात की पोलिसांनी त्याच दिवशी यांचा जबाब घेतला आहे, तेवढं पुरे. आपण आणखी काही करायला जाऊ नये. हे घर कंपनीचं आहे, ते तुला माहीतच आहे. निवृत्तीला चार वर्षं राहिली. मी यांच्याशी नीट बोलेपर्यंत माझं नाव कुठे पुढे करू नकोस, एवढं ऐक.

इकडे उकाडा फार आहे. गच्चीवरच्या टाकीला गळती लागली आहे.

राग धरू नकोस.
ताई

१९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पोलिसांच्या कागदांची नक्कल मिळाली. भावोजींच्या जबाबात आहे की सायकलवाली बाई कडेने जाता जाता एकदम तोल जाऊन गाडीपुढे आली. फोनचं नाव नाही. आणि गाडीत दोनच माणसं होती असं लिहिलं आहे.

ताई, मग मी रस्त्यावर पडले होते तेव्हा माझं डोकं मांडीवर कुणी घेतलं होतं? मला आठवत नाही, पण पंपावर पेट्रोल भरणाऱ्या बाईला आठवतं. ती म्हणाली, गाडीतून उतरलेली एक बाई कपडे रक्ताने भरले तरी उठत नव्हती, शेवटी तिला दोघांनी धरून बाजूला केलं. तिने धडक पाहिली नाही, आवाज ऐकून ती वळली.

या जबाबाच्या जोरावर विमा कंपनी म्हणते, चूक निम्मी तुमची, म्हणून भरपाईही निम्मी. घ्या आणि विषय मिटवा.

प्लास्टर निघालं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट थंडच आहे, टाचणी टोचली तरी कळत नाही. नस परत येणार नाही असं डॉक्टर स्पष्ट बोलले. मी मेणात दात बसवून पाहिले. मेण गरम आहे की गार तेच हाताला समजेना, बोट भाजलं ते वासाने कळलं. लॅबच्या मालकांनी माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली. वाईट वाटून घेऊ नका म्हणाले. मी नाही घेतलं म्हटलं.

वकीलबाई म्हणतात की तीन वाटा आहेत. निम्मं घेऊन गप्प बसायचं. साक्षीदाराशिवाय लढायचं, पण त्यात हरण्याचीच शक्यता जास्त. किंवा कोर्टाकडून तुझ्या नावाने समन्स काढायचं, मग तुला यावंच लागेल. कोणती वाट ते मला ठरवायचंय. तुझं मत कळव.

मी तुझीच आहे, हे ध्यानात असू दे.
ठमी

३० ऑगस्ट

चि. ठमीस,
अ. आ.

जबाबात मी गाडीत नाही, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. यांना विचारलं. हे म्हणाले की तुला कोर्टकचेरीत ओढायला नको म्हणून तुझं नाव वगळलं, तुझ्या भल्यासाठीच केलं.

हे वाईट नाहीत, ठमे. तुझं ऑपरेशन चाललं होतं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर पाण्याचा घोटही न घेता बसून होते, ते मी पाहिलं आहे. पण साहेबांसमोर यांची मान वर होत नाही. बत्तीस वर्षांत झाली नाही. आता ते शब्द फिरवले तर खोटा जबाब दिला म्हणून हेच अडकतील, आणि घर जाईल ते वेगळंच. हे मला म्हणाले, तू गेलीस तर परत या दारात येऊ नकोस. असं बोलल्यावर स्वतःच उठून न्हाणीघरात गेले आणि किती तरी वेळ नळ सोडून बसले.

तू ये म्हणालीस तर मी येईन. पण ते तूच म्हण. माझ्याने ठरत नाही.

ताई

८ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वकीलबाईंना मी समन्स काढू नका म्हणून सांगितलं. त्या रागावल्या. हक्क आहे तो वापरायचा नाही तर माझ्याकडे आलात कशाला, म्हणाल्या. बरोबर आहे त्यांचं.

पण कोर्टाचा कागद हातात धरून तू तिथे उभी राहिलीस, तर जन्मभर म्हणशील की ठमीने मला आणलं. आणि भावोजीही तेच म्हणतील. तुझं घर मोडायचं की नाही ते मी ठरवावं, असं तू माझ्यावर टाकलंस. ते मी घेत नाही. माझा एक हात गेलाय, दुसऱ्याला बरीच कामं आहेत.

निम्म्यावर सही मात्र करणार नाही. मी वेडीवाकडी सायकल चालवली असं माझ्या सहीनिशी कुठे लिहून राहायला नको. लढेन, हरले तर हरेन. तारीख वीस जानेवारीची आहे.

रागाने लिहिलं, पण खरं लिहिलं. टाकीची गळती थांबली का?

तुझी ठमी

२२ जानेवारी

चि. ठमी हिस,
अ. आ.

तुझी ताई परवा सकाळी चष्म्याची काच बदलायला जाते म्हणून बाहेर पडली, ती आली नाही. काल साहेबांनी केबिनमध्ये बोलावून ती कुठे गेली होती ते मला सांगितलं. बायकोने कोर्टात काय केलं हे नवऱ्याला मालकाच्या तोंडून कळावं, यापरतं वाईट दुसरं काय असायचं.

ती तुझ्याकडेच असेल असं धरून चालतो. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या इथेच राहिल्या आहेत, सोबत पाठवत आहे. सकाळी एक, जेवणाआधी.

मी जे केलं ते घर डोळ्यांपुढे ठेवून केलं. तुझ्या हाताचं मला दुःख आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, तुला पटोत न पटोत.

कळावे,
तुझे भावोजी

२६ जानेवारी

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

गोळ्या मिळाल्या. ताई इथेच आहे. ती येणार हे मला माहीत नव्हतं. कोर्टाच्या जिन्यात पिशवी पोटाशी धरून उभी दिसली तेव्हा कळलं.

तिने काय सांगितलं ते साहेबांकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐका. फोनचं सांगितलं, वळणाचं सांगितलं, आणि मी सरळ चालले होते ते सांगितलं. तुमच्याविरुद्ध एक शब्द बोलली नाही. विम्याच्या वकिलांनी विचारलं की आठ महिने गप्प का होता. ती म्हणाली, “भीती वाटत होती. अजून वाटते.” पंपावरची बाईही आली होती, तिने ताईला ओळखलं. गाडीत दोनच माणसं होती ही गोष्ट तिथेच संपली.

तुमच्या साक्षीचा विम्याच्या वकिलांनी आग्रह धरला नाही. नवरा-बायकोला समोरासमोर उभं करून आपलंच हसं होईल असं त्यांना वाटलं असावं.

ताई रोज संध्याकाळी परत जायचं म्हणते आणि रोज पिशवी पुन्हा खुंटीला लावते. तुमच्या दारात येऊ नको असं तुम्ही म्हणाला होतात. ते अजून तसंच आहे का, एवढं तिला कळवा.

तुमची,
ठमी

२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू भावोजींनी ये म्हणून धाडलेल्या दोन ओळींवर निघून गेलीस तेव्हापासून घर सुनं आहे. म्हणून बातमी आधी तुला. निकाल लागला. चूक सगळी गाडीची, माझी मुळीच नाही, असं न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. पूर्ण भरपाई मिळेल. विमा कंपनी वरच्या कोर्टात अपील करेल, वेळ लागेल, पण मिळेल. साहेबांचं पोलीस प्रकरण अजून लोंबकळत आहे. ते रोज गाडी चालवतात म्हणे.

मला वाटलं होतं फार आनंद होईल. बाहेर येऊन बाकावर बसले आणि बोटं दाबून पाहिली. होती तशीच.

तुझं काय चाललं आहे ते खरं खरं लिही.

तुझी ठमी

१५ एप्रिल

चि. ठमीस,
अ. उ. आ.

निकाल वाचून देवाला हात जोडले. खरं खरं विचारलंस, म्हणून लिहिते.

घर सोडायची नोटीस आली. साहेबांनी यांना गोदामाच्या मोजणीला बसवलं आहे, खुर्चीसुद्धा नाही. गावाबाहेर दोन खोल्या पाहिल्या आहेत, भिंतीला ओल आहे. मी आल्यापासून हे माझ्याशी कामापुरतंच बोलतात. पाणी आलं, गॅस संपला, एवढंच. मीही वाढते आणि उठते.

काल सकाळी आम्ही दोघं जमिनीवर बसून सामान बांधत होतो. हे कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होते. मध्येच, वर न बघता, त्यांनी विचारलं की कोर्टात बोलताना तुझा आवाज कापला का. मी म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत कापत होता.

हातातली बशी गुंडाळून ठेवत म्हणाले, “पोलिसांना सांगताना माझा कापला नव्हता.”

मग पुढची बशी घेतली. मीही दुसऱ्या बाजूने कागद धरला.

नवा पत्ता मागे लिहिला आहे. येत जा, आणि लिहीत जा.
तुझी ताई